सोबत कोणाची? तबूकची मोहीम, कअब इब्न मालिक आणि सत्यवचनी माणसांची संगत

१.
मराठीत आपण रोज वापरतो तो 'सोबत' हा शब्द अरबी 'सोहबत'वरून आला आहे. त्याच धातूपासून 'साहिब' म्हणजे सोबती हा शब्द झाला, आणि तोच पुढे धनी या अर्थाने आपल्याकडे 'साहेब' झाला. प्रेषित मुहम्मद यांचा सहवास लाभलेल्या अनुयायांना 'सहाबी' म्हणतात, तेही याच धातूवरून. अरबीतील दुसरा एक धातू पाहा. 'सिद्क' म्हणजे सत्य, 'सादिक' म्हणजे सत्यवचनी आणि 'सदीक' म्हणजे मित्र. हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे. मैत्री आणि सत्य यांचे हे नाते इस्लामच्या आरंभकाळात सामाजिक कर्तव्य कसे बनले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२.
कुराणातील नववा अध्याय म्हणजे सूरह तौबा. त्यातील ११९व्या आयतीत श्रद्धावंतांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ईश्वराचे भय बाळगा आणि सत्यवचनी लोकांच्या सोबत राहा. येथे केवळ 'खरे बोला' असे सांगितलेले नाही. खरे बोलणे एकट्याने साधते. खरे बोलणाऱ्याच्या सोबत राहण्यासाठी तो कोण हे ओळखावे लागते आणि त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे लागते. ही आयत ज्या प्रसंगाच्या अखेरीस येते तो प्रसंग पाहिल्यावाचून तिचे वजन कळत नाही.

३.
हिजरी सन ९, इसवी सन ६३०. उत्तरेकडून बायझंटाइन सैन्य चालून येणार अशी वार्ता मदीनेत पोहोचली होती. प्रेषितांनी तबूककडे कूच करण्याचा निर्णय जाहीर केला. मदीनेपासून तबूक सुमारे ७०० किलोमीटर. उन्हाळा कडक, मार्ग वाळवंटाचा आणि खजुराची फळे नेमकी पिकण्याच्या बेतात. मोहिमेचे ठिकाण बहुधा आधी गुप्त ठेवले जाई. या वेळी मात्र लोकांनी नीट तयारी करावी म्हणून ते उघड सांगण्यात आले. या सैन्याला पुढे 'संकटकाळचे सैन्य' असेच नाव पडले.

४.
मदीनेच्या खजरज टोळीतील बनू सलिमा या कुळात कअब इब्न मालिक नावाचे कवी होते. हिजरतीपूर्वी अकबा येथे प्रेषितांना निष्ठेचे वचन देणाऱ्या मदीनावासीयांत ते होते. त्यांची निष्ठा कधीच संशयास्पद नव्हती. तबूकच्या वेळी आपण पूर्वी कधी नव्हतो इतके सुदृढ आणि संपन्न होतो आणि सवारीच्या दोन सांडण्या आपल्यापाशी होत्या, असे ते स्वतःच सांगतात. तरीही ते गेले नाहीत. आज निघू, उद्या निघू, मागाहून गाठू, असे म्हणता म्हणता सैन्य दूर गेले. त्यामागे कट नव्हता, बंड नव्हते. होती ती फक्त चालढकल.

५.
सैन्य गेल्यावर कअब मदीनेच्या रस्त्यांत फिरले तेव्हा त्यांना आपली संगत दिसली आणि ते हादरले. मागे राहिलेल्यांत एक तर दुर्बल आणि असमर्थ माणसे होती, नाहीतर ज्यांच्या दुटप्पीपणाची उघड चर्चा होती अशी. आपण कोणामध्ये येऊन बसलो आहोत, हा प्रश्न त्यांना प्रथम तेथे पडला. तिकडे तबूकला प्रेषितांनी त्यांची चौकशी केली. कुळातील एकाने टोमणा मारला की अंगावरच्या उंची वस्त्रांच्या कौतुकाने त्यांना घरी ठेवले. मुआज इब्न जबल यांनी त्याला तिथल्या तिथे अडवले आणि कअबविषयी आम्हांला चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही अशी ग्वाही दिली. पाठीमागे कोणी अशी ग्वाही देणे म्हणजे काय, हे पुढे पाहू.

६.
सैन्य परतले. प्रेषित प्रथेप्रमाणे प्रथम मशिदीत बसले. मागे राहिलेले ८०हून अधिक लोक एकेक करून आले, सबबी सांगितल्या, शपथा वाहिल्या. प्रेषितांनी त्यांचे वरवरचे बोलणे मान्य केले, क्षमा मागितली आणि अंतःकरणातले ईश्वरावर सोपवले. मग कअब आले. शब्दांवर त्यांचे प्रभुत्व होते. दुसऱ्या कोणापुढे बसलो असतो तर सबब सांगून सहज सुटलो असतो, असे ते प्रेषितांनाच म्हणाले. आज खोट्याने आपण प्रसन्न व्हाल, पण उद्या ईश्वर ते उघडे पाडील, हेही त्यांनी बोलून दाखवले. आणि सांगून टाकले की आपल्यापाशी कोणतीही सबब नव्हती.

७.
याने खरे सांगितले आहे, असा अभिप्राय प्रेषितांनी दिला आणि ईश्वराचा निर्णय होईपर्यंत जाण्यास सांगितले. बाहेर पडताच कुळातील मंडळी कअब यांच्या मागे लागली. इतरांनी जे केले ते तुला जमले नाही? एखादी सबब सांगितली असतीस, प्रेषितांनी क्षमा मागितली असती, प्रकरण मिटले असते. हा तगादा इतका वाढला की परत जाऊन आपलेच बोलणे खोटे ठरवावे असे कअब यांच्या मनात आले. हे बोलणारे शत्रू नव्हते. आप्तच होते, हितचिंतकच होते. माणसाला सत्यापासून ढळवणारी संगत पुष्कळदा अशीच प्रेमळ असते.

८.
या क्षणी त्यांनी एकच प्रश्न विचारला: माझ्यासारखे आणखी कोणी बोलले आहे का? उत्तर आले, होय, दोघे. मुरारा इब्न अर-रबी आणि हिलाल इब्न उमय्या. दोघेही सच्छील म्हणून ख्यात. ही नावे ऐकल्यावर कअब मागे फिरले नाहीत. या प्रसंगात सत्य टिकले ते केवळ एका माणसाच्या धैर्यावर नव्हे. त्याच वाटेने आणखी दोघे गेले आहेत, या माहितीवर. तिघे एकत्र बसलेही नव्हते. तरी ती सोबतच होती.

९.
पुढे जे घडले ते वाचकाला बुचकळ्यात टाकते. खोटे बोललेले ८०हून अधिक लोक घरी जाऊन निवांत झाले. खरे बोललेल्या तिघांशी मात्र कोणी बोलू नये अशी आज्ञा झाली. मुरारा आणि हिलाल घरात बसून अश्रू ढाळू लागले. कअब तिघांत तरुण. ते मशिदीत जात, बाजारात फिरत, पण कोणी शब्द काढीना. नमाजानंतर ते प्रेषितांना सलाम करीत आणि प्रत्युत्तरात ओठ हलले की नाही हे निरखीत राहत. विस्तीर्ण पृथ्वी या तिघांना अपुरी वाटू लागली, असे वर्णन कुराणातही आले आहे.

१०.
एके दिवशी ते चुलतभाऊ अबू कतादा यांच्या बागेची भिंत चढून आत गेले. हा त्यांचा सर्वांत जिवलग माणूस. त्यांनी सलाम केला; उत्तर नाही. ईश्वरावर आणि प्रेषितांवर माझे प्रेम आहे हे तुला ठाऊक आहे ना, असे त्यांनी शपथ घालून विचारले. पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर अबू कतादा एवढेच म्हणाले की ते ईश्वर आणि त्याचा प्रेषितच अधिक जाणतात. कअब यांचे डोळे भरून आले आणि ते पुन्हा भिंत ओलांडून बाहेर पडले.

११.
याच दिवसांत शाम प्रदेशातून धान्य विकायला आलेला एक नबाती व्यापारी बाजारात कअब यांचा पत्ता विचारत होता. त्याच्यापाशी गस्सानच्या राजाचे पत्र होते. तुमच्या माणसाने तुमच्याशी कठोर वर्तन केल्याचे कळले. आमच्याकडे या, आम्ही आधार देऊ, असा त्याचा आशय. ज्याच्याशी सारे शहर बोलत नव्हते त्याला एक राजा सोबत देऊ करत होता. कअब यांनी ते पत्र भट्टीत जाळले. एकटेपणात कोणाचीही सोबत पत्करायची नाही, हा या कथेतील दुसरा निर्णय आहे आणि तो पहिल्याइतकाच अवघड आहे.

१२.
४० दिवसांनंतर पत्नीपासूनही दूर राहण्याचा निरोप आला. ५०व्या रात्रीनंतरची पहाटेची नमाज कअब यांनी आपल्या घराच्या छतावर अदा केली. तेवढ्यात सल्अ टेकडीवरून कोणी ओरडून शुभवार्ता सांगितली. तिघांना क्षमा झाली होती. एक जण घोडा फेकत निघाला होता, पण टेकडीवरचा आवाज घोड्याच्या आधी पोहोचला. ज्याचा आवाज ऐकला त्याला कअब यांनी अंगावरची दोन्ही वस्त्रे बक्षीस दिली आणि दुसऱ्याची वस्त्रे मागून घेऊन ते मशिदीकडे निघाले. त्यानंतरच्या आयुष्यात जाणूनबुजून खोटे न बोलण्याचा त्यांनी निश्चय केला.

१३.
सूरह तौबाची ११८वी आयत या तिघांच्या क्षमेची आहे आणि तिच्या लगेच पाठीमागे सत्यवचनी लोकांसोबत राहण्याची आज्ञा येते. क्रम नीट पाहावा. तिघांची परीक्षा संपली आणि बोलण्याचा रोख इतरांकडे वळला. ५० दिवस आज्ञेनुसार ज्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांच्यासारख्यांच्या सोबत आता उभे राहायचे होते. खोट्या शपथा वाहणाऱ्यांविषयी मात्र त्याच अध्यायात अत्यंत कठोर शब्द आहेत. त्यांना शिक्षा झाली नाही, कारण त्यांच्या शब्दाला कोणी मोलच दिले नव्हते. तिघांना शिक्षा झाली, कारण त्यांचा शब्द खरा मानला गेला होता.

१४.
'सत्यवचनी' म्हणजे नेमके कोण, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. प्रेषित आणि त्यांचे निष्ठावान सहकारी, असा एक अर्थ. शिया परंपरेत हजरत अली आणि त्यांच्या वंशातील इमाम, असा दुसरा. फख्रुद्दीन अर-राझी (मृत्यू इ.स. १२१०) यांनी तर्क लढवला की आज्ञा सर्व काळासाठी असेल तर प्रत्येक काळात सत्यनिष्ठ असलेच पाहिजेत, आणि नेमक्या व्यक्ती ओळखता येत नसतील तर ते सत्यनिष्ठ म्हणजे समग्र समाजाचे एकमत होय. अशा रीतीने सोबतीची एक आज्ञा धर्मशास्त्रातील 'इज्मा' म्हणजे सर्वसंमती या तत्त्वाचा आधार बनली.

१५.
संगतीचा परिणाम सांगणारा एक दृष्टान्त हदीस वाङ्मयात प्रसिद्ध आहे. सज्जन सोबती कस्तुरीवाल्यासारखा. त्याच्याकडून काही घेतले नाही तरी सुगंध लाभतो. वाईट सोबती लोहाराच्या भात्यासारखा. कपडे जाळतो, निदान धुराचा वास तरी लावतो. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची म्हण जाणणाऱ्या आपल्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. पण इस्लामी समाज येथे थांबला नाही. सोबत ही केवळ स्वतःच्या शीलाची काळजी न राहता दुसऱ्याविषयी ग्वाही देण्याची जबाबदारी बनली. मुआज यांनी तबूकला केले ते हेच होते.

१६.
खलिफा हजरत उमर (कारकीर्द इ.स. ६३४ ते ६४४) यांच्याविषयी एक कथा विधिग्रंथांत वारंवार येते. एका साक्षीदाराला ते ओळखत नव्हते. दुसरा एक जण म्हणाला, मी ओळखतो, माणूस सच्चा आहे. उमर यांनी तीन गोष्टी विचारल्या. तू याचा असा शेजारी आहेस का, की याचे दिवसरात्रीचे वागणे तुला दिसते? याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का? याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नकारार्थी येताच त्यांनी सांगितले की तू याला ओळखत नाहीस. मशिदीत वाकताना पाहिले असशील, एवढेच.

१७.
या तीन प्रश्नांत सारे शास्त्र आहे. शेजार, व्यवहार आणि प्रवास या सोबतीच्या तीन कसोट्या. भक्तीचे बाह्य रूप ही कसोटी नव्हे. कुराणातील कर्जाविषयीची दीर्घ आयत (२:२८२) साक्षीदार तुम्हांला मान्य असणाऱ्यांपैकी असावेत असे सांगते. चारित्र्यवान स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार आणू न शकणाऱ्याला ८० फटके आणि साक्षीचा हक्क गमावणे, अशी शिक्षा २४:४ मध्ये आहे. म्हणजे खोटारडेपणा हा केवळ परलोकीचा दोष नव्हता. त्यामुळे माणसाची न्यायसभेतली जागाच जात असे.

१८.
आठव्या शतकापर्यंत काझींच्या दरबारात साक्षीदारांच्या चौकशीची रीत रूढ झाली. इजिप्तच्या काझींचा इतिहास लिहिणाऱ्या अल-किंदी (मृत्यू इ.स. ९६१) यांच्या ग्रंथात खोट्या साक्षी वाढल्यामुळे गुप्त चौकशी कशी सुरू झाली याची हकीकत आहे. काझीचा माणूस साक्षीदाराच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे विचारपूस करी. या प्रक्रियेला 'तज्किया' म्हणत. कोणाच्या सच्चेपणाविषयी विचारले असता शेजाऱ्याने खरे सांगणे हाही आता न्यायाचा भाग झाला.

१९.
हीच कसोटी ज्ञानालाही लागली. खलिफा उस्मान यांच्या हत्येनंतर (इ.स. ६५६) समाज गटांत फुटला आणि प्रत्येक गट प्रेषितांच्या नावे वचने सांगू लागला. बसराचे इब्न सीरीन (मृत्यू इ.स. ७२९) नोंदवतात की पूर्वी लोक कथनाची साखळी विचारत नसत; या कलहानंतर मात्र तुम्ही हे कोणाकडून ऐकले, ती नावे सांगा, असे विचारू लागले. ही साखळी म्हणजे 'इस्नाद'. कोण कोणाच्या सहवासात होता, कुठे भेटला, खरे बोलणारा होता की नाही, यांवरून प्रत्येक कथनाची पारख होऊ लागली.

२०.
येथे एक नैतिक पेच उभा राहिला. पाठीमागे निंदा करणे म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे, अशी कुराणाची उपमा आहे (४९:१२). मग अमुक निवेदक खोटा आहे असे जाहीर सांगावे कसे? हदीस-समीक्षकांचे उत्तर असे की, वैयक्तिक दोषांची चर्चा निषिद्ध. पण ज्याच्या शब्दावर लोक विसंबणार आहेत त्याच्या खोटेपणाविषयी मौन हा लोकांचा विश्वासघात. न्यायासाठी स्वतःविरुद्ध आणि आईवडिलांविरुद्धही साक्ष देण्याची आज्ञा ४:१३५ मध्ये आहे. समीक्षक अली इब्न अल-मदीनी (मृत्यू इ.स. ८४९) यांना त्यांच्या वडिलांविषयी विचारले गेले, तेव्हा हा धर्माचा प्रश्न आहे असे म्हणून त्यांनी वडिलांचे कथन दुर्बल ठरवले.

२१.
या व्यवस्थेचे दोषही इतिहासात नोंदलेले आहेत. दरबारी साक्षीदारांची यादी ठरली तसा प्रमाणित साक्षीदारांचा एक प्रतिष्ठित वर्ग तयार झाला आणि त्या यादीत शिरणे हीच मिरवण्याची गोष्ट झाली. गुलामांची साक्ष बहुतेक विधिपंथांनी नाकारली, आर्थिक व्यवहारात दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाबरोबर धरली, हलक्या मानल्या गेलेल्या व्यवसायांतील माणसांच्या साक्षीवर वाद झाले. सच्चेपणाची कसोटी पाहता पाहता प्रतिष्ठेची कसोटी बनते, हा धोका तेव्हाही टळला नाही. उमर यांच्या तीन प्रश्नांत मात्र कूळ नव्हते, धन नव्हते, पदवी नव्हती.

२२.
इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये बंधुत्वाच्या कर्तव्यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. सोबती निवडताना बुद्धी, सद्वर्तन आणि लोभापासून मुक्तता पाहावी, असे ते सांगतात. जाफर अस-सादिक यांच्या नावे त्यांनी दिलेल्या उपदेशात खोटारड्याची तुलना मृगजळाशी केली आहे; तो दूरचे जवळ दाखवतो आणि जवळचे दूर. खोटारड्याची संगत का टाळावी, याचे कारण येथे पावित्र्याचे नाही, वाट चुकण्याचे आहे.

२३.
आता कअब यांच्याकडे परत येऊ. ही सारी हकीकत आपल्याला कशी मिळाली? वृद्धपणी कअब यांची दृष्टी गेली. मुलगा अब्दुल्लाह त्यांचा हात धरून त्यांना नेत-आणत असे. वडिलांनी स्वतःच्या चुकीची ही गोष्ट त्याला सांगितली, त्याने आपल्या मुलाला, आणि त्या नातवाकडून इब्न शिहाब अझ-झुहरी यांना मिळाली. पुढे बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) आणि मुस्लिम (मृत्यू इ.स. ८७५) यांनी ती आपापल्या संग्रहांत घेतली. एका माणसाने स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष सोबतीच्या साखळीतून टिकली.

२४.
या कथेतला एक लहान तपशील शेवटी सांगतो. क्षमेची वार्ता कळल्यावर कअब मशिदीत शिरले, तेव्हा तेथे बसलेल्यांपैकी तल्हा इब्न उबैदुल्लाह लगबगीने उठले, धावत पुढे आले आणि त्यांनी हात हातात घेऊन अभिनंदन केले. मक्केहून आलेल्यांपैकी दुसरे कोणी उठले नाही. तल्हा यांचे ते उठणे कअब आयुष्यभर विसरले नाहीत, अशी नोंद आहे.

खरे बोललेला माणूस ५० दिवसांनी दारात उभा राहतो, तेव्हा त्या दालनातून कोण उठतो, एवढ्यावर त्या आयतीचे पालन अवलंबून होते. त्या दिवशी तल्हा उठले.

(धागा समाप्त)